सेजब्रशचं माळरान राखायचं तर आराखडा कसा करावा: पायरी-पायरीने

अमेरिकेच्या पश्चिमेला नेवाडा, आयडाहो, ओरेगॉन, युटा, वायोमिंग, मोंटाना या राज्यांत करड्या-हिरव्या झुडपांचं अफाट माळरान आहे. महामार्गावरून जाताना ते ओसाड वाटतं, पण ३५० हून अधिक जातींचे प्राणी आणि वनस्पती त्यावर जगतात. हे झुडूप म्हणजे सेजब्रश, शास्त्रीय नाव आर्टेमिसिया ट्रायडेंटाटा. चैत्रात जोतिबाला वाहतात तो दवणाही आर्टेमिसियाच.

मूळच्या सेजब्रशपैकी जवळपास निम्मं आज नाही. जे उरलं आहे त्याची स्थितीही ढासळते आहे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या 'सेजब्रश कॉन्झर्वेशन डिझाइन' या मोठ्या अभ्यासानुसार गेल्या दोन दशकांत दरवर्षी सरासरी १३ लाख एकर शाबूत माळरान बिघडत गेलं. तेही कामं चालू असताना, पैसा खर्च होत असताना. कामं झाली, पण बरीचशी चुकीच्या जागी आणि चुकीच्या क्रमाने झाली, असं माझं मत आहे. म्हणून हा लेख मुख्यतः क्रमाबद्दल आहे. बॉइझी, रीनो, सॉल्ट लेक सिटी, डेन्व्हर या भागांत राहून अशा कामांत उतरू पाहणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांना आणि स्वयंसेवकांना तो थेट उपयोगी पडावा. आपल्याकडच्या माळरानांवर काम करणाऱ्यांनाही त्यातलं बरंच ओळखीचं वाटेल.

पायरी १: जमीन कोणाची, पाणी कोणाचं

प्राण्यांची यादी करण्याआधी मालकीचा नकाशा काढा. सेजब्रशचा मोठा हिस्सा केंद्र सरकारच्या ताब्यात आहे आणि त्यातला बराचसा ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट, म्हणजे बीएलएम, सांभाळतं. उरलेली जमीन खासगी रँच (गुरं पाळायची मोठी कुरणं), राज्य सरकारं आणि आदिवासी राष्ट्रांची आहे. आकड्यांत सरकारी जमीन जास्त दिसते खरी, पण ओढ्याकाठचे आणि झऱ्याजवळचे ओले कुरणपट्टे बहुतेक खासगी आहेत. पश्चिमेत वसाहती होत असताना ज्यांनी आधी वस्ती केली त्यांनी साहजिकच पाण्याची जागा धरली. उन्हाळ्यात अख्खं माळरान करपतं तेव्हा पिल्लं घेऊन पक्षी याच पट्ट्यांवर येतात. त्यामुळे रँचरला वगळून केलेला आराखडा उन्हाळ्यात कोलमडतो.

म्हणून पहिली भेट रँचरची घ्या, आणि जाताना तयार नकाशा घेऊन जाऊ नका. त्यांची गुरं कोणत्या महिन्यात कुठे असतात, कोणता झरा आटला, कोणत्या वर्षी आग कुठून आली, हे विचारा. ओरेगॉन आणि आयडाहोत रँचरांनी स्वतःच्या आग विझवणाऱ्या संघटना उभ्या केल्या आहेत. दूरच्या माळावर वणवा लागला की सरकारी गाडीच्या आधी बहुधा तेच पोहोचतात. शोशोनी, पायूट, वाशो या लोकांशी बोलणंही सुरुवातीलाच व्हायला हवं. पिन्यन पाइनच्या बिया हे त्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं अन्न आहे आणि तुमच्या आराखड्यात झाडतोड येणारच आहे.

पायरी २: शाबूत, सुधारण्याजोगं आणि हातचं गेलेलं

आता माळरानाची तीन भागांत वाटणी करा. २०२२ च्या त्या अभ्यासाने हीच रीत घालून दिली. पहिला भाग गाभ्याचा: सेजब्रश भरपूर, देशी बहुवर्षायू गवत टिकून, परकं गवत कमी, झाडं आणि बांधकामं जवळपास नाहीत. दुसरा भाग वाढीला वाव असलेला: एखादी अडचण आहे, पण ती दूर करता येण्याजोगी. तिसऱ्यात बाकी सगळं.

ही वाटणी घरबसल्या सुरू करता येते. 'रेंजलँड अ‍ॅनालिसिस प्लॅटफॉर्म' हे संकेतस्थळ मोफत आहे. उपग्रहाच्या छायाचित्रांवरून १९८६ पासूनचं वर्षनिहाय आच्छादन ते दाखवतं: झुडूप किती, बहुवर्षायू गवत किती, वर्षायू गवत किती, झाडं किती, उघडी जमीन किती. तुमच्या क्षेत्राची सीमा आखा आणि वर्षायू गवताची रेघ पाहा. एखाद्या आगीनंतर ती वर गेली आणि पुन्हा खाली आलीच नाही, असं दिसलं तर ती जागा बहुधा तिसऱ्या भागात जाणार.

मग प्रत्यक्ष चाला. उपग्रहाला झुडपाखालचं दिसत नाही. सेजब्रशच्या बुंध्याशी, झुडपांमधल्या मोकळ्या जागेत, रस्त्याच्या कडेला आणि गुरांच्या पाणवठ्याभोवती परकं गवत आहे का ते बघा. शिरकाव सहसा इथूनच होतो. बहुवर्षायू देशी गवताचं आच्छादन साधारण २० टक्क्यांच्या वर असेल तर जमिनीत प्रतिकार शिल्लक आहे असं मानायला हरकत नाही.

पायरी ३: माती, उंची आणि सेजब्रशची पोटजात

एकच उपाय दोन टेकड्यांवर दोन वेगळे परिणाम देतो. उंचावरच्या थंड आणि ओलसर जमिनी आग लागल्यावर बऱ्याच अंशी स्वतः सावरतात. खालच्या उष्ण, कोरड्या जमिनी सावरत नाहीत, तिथे परकं गवत बसतं. नियोजनकार या दोन गुणांना सावरण्याची ताकद आणि शिरकाव रोखण्याची ताकद म्हणतात. मातीचं तापमान आणि ओल यांवरून त्यांचा अंदाज बांधता येतो. मातीचे सरकारी नकाशे ऑनलाइन उपलब्ध आहेत.

झुडपाची पोटजात हीसुद्धा जमिनीची ओळखच आहे. वायोमिंग बिग सेजब्रश कोरड्या सपाटीवर वाढतं आणि जळाल्यावर परतायला त्याला अनेक दशकं लागतात. माउंटन बिग सेजब्रश उंचावर असतं, ते तुलनेने लवकर येतं. बेसिन बिग सेजब्रश खोल मातीत उंच वाढतं. दिसायला ती सारखीच असल्याने घोटाळा होतो. जागेवर करायची सोपी चाचणी अशी: थोडी पानं पाण्यात चुरा आणि अंधारात अतिनील दिव्याखाली धरा. माउंटन पोटजातीचं पाणी ठळक निळसर चमकतं, बाकीच्या दोघींचं फारसं नाही. ही चाचणी टाळू नका. चुकीच्या पोटजातीचं बियाणं पेरून वाया गेलेली पेरणी नंतर ओळखूही येत नाही, कारण रोप उगवतं आणि काही वर्षांनी मरतं.

पायरी ४: एका पक्ष्याचं वर्ष, आणि त्यात न मावणारे प्राणी

या माळरानाचं नियोजन सेज ग्राऊस या पक्ष्याभोवती फिरतं. कोंबडीच्या जातकुळीतला, जमिनीवर राहणारा हा पक्षी. १९६५ पासून त्याची संख्या सुमारे ८० टक्क्यांनी घटली आहे. त्याचं वर्ष महिन्यांनुसार मांडा, म्हणजे कोणती जागा का हवी ते समजतं.

मार्च ते मे नर पहाटे उघड्या जागी जमतात आणि छातीच्या पिशव्या फुगवून नाचतात. या जागा पिढ्यान्‌पिढ्या त्याच असतात. माद्या मग आसपास सेजब्रशखाली घरटं करतात. बहुतेक घरटी नाचाच्या जागेपासून साडेसहा किलोमीटरच्या आत सापडतात, म्हणून नकाशावर तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ काढायची पद्धत आहे. घरट्याला सेजब्रशचं १५ ते २५ टक्के आच्छादन लागतं आणि खाली १८ सेंटिमीटरपेक्षा उंच गवत, अंडी लपवायला. पिल्लांना पहिले काही आठवडे किडे हवेत, आणि किडे रानफुलांवर असतात. उन्हाळ्यात कुटुंब ओल्या कुरणांकडे सरकतं. हिवाळ्यात आहार जवळजवळ निव्वळ सेजब्रशची पानं. कठीण दाणे दळणारी बळकट पेषणी या पक्ष्याला नाही. बर्फावर झुडपाची डोकी दिसली नाहीत तर तो उपाशी मरतो.

एवढं सगळं एका पक्ष्यासाठी राखलं की बाकीच्यांचं आपोआप भागतं, हे अर्धंच खरं. पिग्मी ससा स्वतः बीळ खणतो, त्याला खोल भुसभुशीत माती आणि दाट, उंच सेजब्रश लागतं. ग्राऊसच्या वर्तुळात तो कदाचित येणारही नाही. प्राँगहॉर्न हा हरणासारखा प्राणी आणि म्यूल हरणं लांब पल्ल्याचं स्थलांतर करतात. वायोमिंगमधला प्राँगहॉर्नचा मार्ग २००८ मध्ये वनखात्याने राष्ट्रीय वनाच्या हद्दीत अधिकृतपणे राखीव ठरवला. ब्रूअर्स स्पॅरो, सेज थ्रॅशर यांसारख्या छोट्या पक्ष्यांचा वेगळा थर नकाशावर टाका. जिथे थर एकमेकांवर येत नाहीत ती जागा अधिक काळजीने बघा. आराखड्यातून तीच आधी सुटते.

पायरी ५: आग आणि गवत

धोक्यांची यादी लांब आहे, पण त्यांतला पहिला बाकी सगळ्यांना पुरून उरतो. चीटग्रास हे युरेशियातून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आलेलं वर्षायू गवत. ते पानझडीच्या पावसावर उगवतं, हिवाळाभर मुळं वाढवतं, वसंतात देशी गवताच्या आधी ओल पिऊन टाकतं आणि जूनपर्यंत कडब्यासारखं वाळतं. पूर्वी झुडपांमधल्या उघड्या जमिनीवर आग अडायची, आता तिथे सलग जळण पसरलेलं असतं. जिथे आगी काही दशकांनी किंवा शतकाने यायच्या तिथे त्या पाच-दहा वर्षांनी येऊ लागल्या. बिग सेजब्रश जळालं की बुंध्यातून फुटत नाही. त्याचं बी आईझाडाच्या आसपासच पडतं आणि मातीत एक-दोन वर्षांहून जास्त टिकत नाही. जळालेल्या विस्तीर्ण पट्ट्याच्या मध्यभागी बी पोहोचतच नाही. २०१८ मध्ये नेवाडातल्या मार्टिन वणव्यात एका दमात चार लाख एकरांहून अधिक क्षेत्र जळालं.

यावरून कामाचा क्रम ठरतो. मोठा वणवा पाहून सगळा निधी जळालेल्या जमिनीवर ओतावासा वाटतो. बातमीही तीच असते आणि लोकांनाही ते पटतं. पण उष्ण, कोरड्या जमिनीवर पेरणी बहुतेकदा फसते. त्याच पैशात शाबूत गाभ्याच्या कडेवरचं विरळ चीटग्रास वर्षानुवर्षं आटोक्यात ठेवता येतं. आधी गाभा राखा, मग त्याच्या लगतचा वाव असलेला भाग सुधारून गाभा रुंदवा, आणि तिसऱ्या भागात फक्त आग गाभ्याकडे सरकू नये एवढ्यापुरतं काम करा. हे कठोर वाटतं. तिसऱ्या भागातही कोणाचं तरी आवडतं माळ असतं. तरी क्रम बदलू नये.

गाभ्याच्या कडेवर तणनाशक वापरताना दोन औषधांतला फरक लक्षात घ्या. इमाझापिक जुनं आहे, त्याचा परिणाम साधारण एक-दोन हंगाम टिकतो. इंडाझिफ्लाम बी रुजतानाच मारतं आणि काही वर्षं टिकतं. खोल मुळांचं देशी गवत त्यातून वाचतं, पण नवं पेरलेलं कोणतंही बी मरतं. म्हणून इंडाझिफ्लाम तिथेच, जिथे देशी गवत अजून उभं आहे आणि पेरणी करायची नाही. शिवाय एकदा मारून सोडून देणं व्यर्थ आहे. पुढच्या फेरीचा निधी पहिल्याच वर्षी बाजूला ठेवा.

आग अडवण्यासाठी रस्त्यालगत जळण काढलेले पट्टे करतात. गरजेपुरते करा. शाबूत सेजब्रश चिरून काढलेला पट्टा स्वतःच तण शिरायची वाट होतो, आणि पट्ट्यावर पेरलेली परकी झुडपंही बाहेर पसरू शकतात. मी तरी हे पट्टे गाभ्याच्या आतून न काढता आधीच असलेल्या रस्त्यांवरच ठेवीन.

पायरी ६: झाडं तोडणं

मराठी वाचकाला ही पायरी जड जाते, हे मला माहीत आहे. झाड तोडणं म्हणजे संवर्धन कसं? पण आपल्याकडेही माळरानाला पडीक समजून त्यावर झाडं लावली गेली, आणि माळढोकासारख्या उघड्यावरच्या पक्ष्याला त्याचा फायदा झाला नाही. नान्नजचं अभयारण्य १९७९ मध्ये माळढोकासाठीच झालं होतं. सेजब्रशमध्ये ज्युनिपर आणि पिन्यन पाइन गेल्या शतकभरात उतारांवरून खाली सरकले. आगी कमी झाल्या, गुरांनी आग पसरवणारं गवत खाल्लं, ही त्याची मुख्य कारणं. ओरेगॉनमधल्या अभ्यासात झाडांचं आच्छादन ४ टक्क्यांच्या वर गेलं की ग्राऊसची नाचाची जागा चालू सापडली नाही. चार टक्के म्हणजे डोळ्यांना मोकळंच रान वाटतं.

तोडणी विरळ झाडांच्या टप्प्यात करा, जेव्हा खाली सेजब्रश आणि गवत अजून जोमात असतं. करवतीने कापा, फांद्या पसरवून तिथेच सोडा. गर्द जंगल झालेल्या जागी तोडलं तर खाली उरलेलं गवत कमी असतं आणि चीटग्रास घुसतं. खडकाळ जागची जुनी, वाकडी, जाड खोडाची झाडं अजिबात तोडू नका, ती तिथलीच आहेत. 'पिन्यन जे' नावाचा पक्षी पिन्यनच्या बियांवर जगतो आणि तोही झपाट्याने घटतो आहे. तुमच्या क्षेत्रात त्याच्या वसाहती असतील तर तोडणीची रेघ त्याप्रमाणे बदला. घरट्यांच्या हंगामात करवत बंद ठेवा. ओरेगॉनच्या वॉर्नर पर्वतांच्या भागात तोडणी केलेल्या क्षेत्रात ग्राऊसचा वाढीचा दर न तोडलेल्या क्षेत्राच्या तुलनेत सुमारे १२ टक्क्यांनी सुधारला. त्याला अनेक वर्षं लागली, पण परिणाम दिसला.

पायरी ७: ओलावा आणि कुंपण

'पाणी अडवा, पाणी जिरवा' ऐकत वाढलेल्याला इथे काही नवं शिकायला नको. घळ पडून खाली गेलेल्या ओढ्यांत हाताने रचलेले, गुडघ्याच्याही खालच्या उंचीचे अनगड दगडांचे बांध घालतात. बिल झीडिक यांनी ही पद्धत तिकडे रुजवली. कोलोरॅडोतल्या गनिसन खोऱ्यात २०१२ पासून अशी कामं चालू आहेत. लहान ओढ्यांत लाकडी खुंट ठोकून त्यात विलोच्या फांद्या विणतात, ओढ्यांवर बांध घालणारा बीव्हर हा प्राणी बांधतो तशा. यंत्रं लागत नाहीत, स्वयंसेवकांना दोन दिवसांत शिकवता येतं. गाळ साचला की वरचा थर पुढच्या वर्षी चढवा. एकदम उंच बांधलं तर पहिला पूर ते घेऊन जातो.

कुंपणांचं काम स्वस्त आहे आणि परिणाम लगेच दिसतो. पहाटेच्या अंधारात ग्राऊस खाली उडतात आणि तारेवर आदळतात. नाचाच्या जागांजवळच्या सपाट जमिनीवरच्या तारांना पांढऱ्या खुणा लावा. आयडाहोतल्या अभ्यासात अशा खुणांनी टक्कर सुमारे ८३ टक्क्यांनी कमी केली. प्राँगहॉर्न उडी मारत नाही, खालून सरपटतो. म्हणून सगळ्यात खालची तार बिनकाट्याची आणि जमिनीपासून ४० ते ४५ सेंटिमीटर वर हवी. वरच्या दोन तारांत ३० सेंटिमीटर अंतर ठेवा, म्हणजे उडी मारणाऱ्या हरणाचा पाय अडकत नाही. कुंपण नको असेल तर काढूनच टाका.

पायरी ८: पेरणी, जिथे खरंच गरज आहे तिथे

सेजब्रशचं बी धुळीएवढं बारीक. ते खोल गाडलं की गेलं. पानझडीच्या शेवटी किंवा हिवाळ्यात, पृष्ठभागावर किंवा बर्फावर टाकतात. बी त्याच परिसरातलं, त्याच पोटजातीचं घ्या आणि गेल्या हंगामातलंच घ्या. गवताचं बी वेगळं, योग्य खोलीवर पेरा. पेरणी लांबच लांब पट्टाभर पातळ करण्यापेक्षा उत्तर उताराच्या, थंड, चांगल्या मातीच्या ठिकाणी बेटं करा. नर्सरीतली रोपं लावलीत तर ती बेटं पुढे बी पुरवतात. पेरलेल्या जागी साधारण दोन वाढीचे हंगाम गुरं सोडू नका, आणि हे रँचरशी आधी ठरवा. त्यांना त्या काळात चारा कुठून मिळणार, याचं उत्तर आराखड्यात लिहिलेलं हवं.

पायरी ९: परवानग्या आणि पैसा

सरकारी जमिनीवर पर्यावरणीय परिणामांचा आढावा आणि पुरातत्त्वाची पाहणी होते. त्यात महिने जातात, कधी वर्षं. म्हणून तोडणी आणि बांधाच्या कामांची कागदपत्रं सगळ्यात आधी सुरू करा. खासगी जमिनीवर कृषिखात्याच्या संवर्धन सेवेचा निधी मिळतो. २०१० मध्ये सुरू झालेला 'सेज ग्राऊस इनिशिएटिव्ह' याच खात्याचा. ओरेगॉनच्या हार्नी काउंटीत रँचरांनी वन्यजीव खात्याशी करार केले आहेत: आम्ही पक्ष्यासाठी हे-हे करू, पुढे पक्षी धोक्याच्या यादीत गेला तरी आमच्यावर जादा बंधनं नकोत. अशा कराराचा नमुना तुमच्या भागात आहे का ते तपासा.

पायरी १०: मोजणी

नाचाच्या जागांवर नर मोजा: सूर्योदयाआधी अर्धा तास ते नंतर दीड तास, हंगामात किमान तीनदा, वारा-पाऊस नसताना, गाडीत बसून किंवा दूर थांबून. पण एका वर्षाच्या आकड्यावरून निष्कर्ष काढू नका. ग्राऊसची संख्या काही वर्षांच्या चक्रात वर-खाली होत असते. तळाच्या वर्षाची तुलना मागच्या चक्रातल्या तळाच्या वर्षाशी करायची. उंचीच्या वर्षाची तळाशी केली तर यश किंवा अपयश, दोन्ही खोटी दिसतील. जिथे काम केलं नाही अशी सारखी जागाही मोजत राहा, नाहीतर पावसाचं श्रेय तुमच्या कामाला मिळेल.

जमिनीवर दरवर्षी त्याच खुंटांवरून फोटो घ्या आणि ताणलेल्या टेपवर ठरावीक अंतरावर काठी टेकवून खाली काय लागतं ते नोंदवा. बहुवर्षायू गवत, चीटग्रास, उघडी जमीन, सेजब्रश. चीटग्रासचा आकडा किती झाला की तणनाशकाची पुढची फेरी करायची, लहान ज्युनिपर किती उगवले की पुन्हा करवत काढायची, हे आकडे आधीच आराखड्यात लिहून ठेवा. दरवर्षी पानझडीत, पेरणीच्या आणि फवारणीच्या हंगामाआधी, रँचर, बीएलएमचे अधिकारी आणि आदिवासी प्रतिनिधी यांनी एकत्र बसून ते तपासावेत.